वजडीला किती शिट्ट्या?

माझं इंग्लिश फर्स्ट क्लास आहे. हे मी म्हणत नाही, आमचं अख्खं ऑफिस म्हणतं. गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या एक्स्पोर्ट डिपार्टमेंटमध्ये मी बसते. बाहेर शेडमध्ये लोखंडाचा रस ओततात, आत एसीत मी मेल ओतते. कुणाला अमेरिकेला कडक पण गोड भाषेत पेमेंटची आठवण करायची असली, कुणाच्या पोराचा बायोडाटा तपासायचा असला, की एकच सल्ला असतो, “मॅडमना दाखवा.” चार वर्षं पुण्यात हिंजवडीला काढून परत आलेली मुलगी म्हणजे इंग्लिशचं सुप्रीम कोर्ट, अशी एक समजूत आमच्याकडे आहे. ती मीही कधी खोडून काढली नाही. तुम्ही काढली असती?

तर गेल्या ऑक्टोबरात या सुप्रीम कोर्टाची पार अब्रू गेली. त्याचीच ही गोष्ट.

आमचा एक कस्टमर जॉर्जिया राज्यातला आहे. म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतला. पंपाच्या बॉडी आमच्याकडून घेतो. माणूस पन्नाशीचा, धिप्पाड, काळा, आणि बोलायला लागला की थांबत नाही. दर मंगळवारी कॉल असतो. आमचे संध्याकाळचे सहा, त्याचे सकाळचे साडेआठ. आता सहाची वेळ म्हणजे आमच्या खिडकीबाहेरच्या पिंपळावर साळुंक्यांची ग्रामसभा भरायची वेळ. कोण कुठल्या फांदीवर झोपणार यावरून रोज नव्याने भांडण, कलकलाट असा की आतला माणूस ओरडून बोलतो. त्या दिवशी डिलिव्हरीच्या तारखेवर आम्ही अडलो होतो, तेवढ्यात साहेब मध्येच थांबला आणि म्हणाला, “व्हॉट्स ऑल दॅट चिटरिंग?”

चिटरिंग! मी हा शब्द जन्मात ऐकला नव्हता. पण अंदाज यायला कितीसा वेळ लागतो? म्हटलं, “बर्ड्स, सर. जस्ट बर्ड्स.” तो हसला, विषय संपला.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण नवा शब्द मिळाला की तो लगेच वापरून बघायचा, ही माझी जुनी खोड. नवी चप्पल घेतली की घरातच घालून हिंडायचं, तशातला प्रकार. कॉल संपल्यावर मिटिंगचे मुद्दे मेल करायला बसले आणि वाटलं, शेवटी एक छान वाक्य टाकू. ‘चिटर’ एवढं टाइप केलं आणि कॉम्प्युटरने स्वतःहून पुढे शब्द पूर्ण करून दिला : चिटरलिंग्ज. मला तो बघताक्षणी पटला. कारण बघा ना, डक म्हणजे बदक, डकलिंग म्हणजे बदकाचं पिल्लू. आपल्या साळुंकीच्या खानदानातल्या पक्ष्यांना इंग्लिशमध्ये स्टारलिंग म्हणतात. मग चिटर म्हणजे चिवचिव आणि चिटरलिंग म्हणजे चिवचिवणारं पाखरू! लॉजिक एकदम चोख. मी लिहिलं, “अपॉलॉजीज फॉर द चिटरलिंग्ज आउटसाइड अवर विंडो. दे कम एव्हरी इव्हनिंग.” सीसीमध्ये आमचे एमडी, प्लांट हेड आणि अख्खं क्वालिटी डिपार्टमेंट. सेंड.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलं होतं. “पंधरा मिनिटं मला हसू आवरत नव्हतं. तुमच्याकडे रोज संध्याकाळी येतात? नशीबवान आहात. आमच्याकडे वर्षातून एकदा, नव्या वर्षाला!”

पोटात गोळा आला. डिक्शनरी उघडली. चिटरलिंग्ज म्हणजे डुकराची आतडी. खायला साफ करून शिजवलेली. माझ्या मेलचा अर्थ सरळ मराठीत असा होता : ‘आमच्या खिडकीबाहेरच्या डुकराच्या आतड्यांबद्दल क्षमस्व. ती रोज संध्याकाळी येतात.’

जेवणाच्या सुट्टीपर्यंत कँटीनमध्ये बातमी पोचली होती. प्लांट हेड स्वतः येऊन म्हणाले, “काय मॅडम, आज किती वाजता येणार आतडी?”

आता हसून झालं असेल तर जरा शब्दांकडे बघू. कारण मी त्या दिवशी रागाने जे जे वाचून काढलं, ते भलतंच इंटरेस्टिंग निघालं. चिटर हा शब्द आवाजावरून पडलेला. आपल्या चिवचिव, किलबिल, कावकावसारखा. पाखरं चिटर करतात, खारी चिटर करतात, माकडं चिटर करतात. स्कॉटलंडमध्ये तर थंडीने माणूस कुडकुडला आणि दात वाजायला लागले तरी चिटरच. चिटरलिंगचं घराणं अगदी वेगळं. तो आतड्यांसाठीच्या कुठल्या तरी जुन्या शब्दावरून आला असावा, असं भाषेचे अभ्यासक मानतात आणि वजडीला जर्मनमध्ये जो ‘कुटेल्न’ शब्द आहे, त्याच्याशी नातं जोडतात. दोन्ही शब्द मध्ययुगीन इंग्लिशपासून शेजारी राहतात, एकमेकांशी रक्ताचं नातं काही नाही. एकाच सोसायटीत दोन पाटील असावेत आणि पोस्टमनने कुरियर चुकीच्या दारात टाकावं, तसं माझं झालं.

आणखी एक गंमत. जुन्या काळी साहेबांच्या शर्टाच्या छातीवर चुण्या-चुण्यांची झालर असायची, तिलाही इंग्लिशमध्ये चिटरलिंग म्हणायचे. कारण दिसायला सेम! आमची आज्जी साफ केलेल्या वजडीला ‘टर्किश टॉवेल’ म्हणायची. म्हणजे पोटातली वस्तू बघून कपडा आठवणं हा काही फक्त आमच्या घरचा वेडेपणा नाही.

आणि असल्या जोड्या आपल्याकडे नाहीत असं थोडंच आहे? किचकिच म्हणजे माकडाची किंवा बॉसची. तीच अक्षरं उलटी केली की चिकचिक, म्हणजे पावसाळ्यात रस्त्यावरची. बोटी समुद्रात असतात आणि बोटी मटणाच्या दुकानातही असते. काळीज तर कहरच. गाण्यात काळीज तुटतं, जळतं, कुणाला तरी दिलं जातं. मटणाच्या दुकानात काळीज म्हणजे सरळ लिव्हर. तिथे हार्ट पाहिजे असेल तर ‘दिल’ मागावं लागतं. मराठी शिकणारा एखादा परदेशी माणूस आपल्या बायकोला प्रेमाने ‘तू माझं लिव्हर आहेस’ म्हणाला, तर आपण त्याला हसणार. पण ती चूक त्याची की आपल्या काळजाची?

असो. शब्दांची गंमत इथे संपते. कारण चूक करून हसू झाल्यावर मला पहिल्यांदा आठवला, तो फेटलिंग शॉपमधला आमचा एक पोरगा. आणि तो आठवल्यावर मला हसू येईना.

आधी फेटलिंग म्हणजे काय ते सांगते. साच्यातून निघालेलं कास्टिंग खडबडीत असतं. कडेला जादा लोखंड, अंगाला चिकटलेली वाळू. ते सगळं घासून, तासून, साफ करायचं, त्याला फेटलिंग म्हणतात. हा पोरगा तिथे इन्स्पेक्शन करतो. बोटाने चाचपून ब्लोहोल कुठे आहे ते सांगतो, असा हात. गेल्या जुलैत कस्टमर क्वालिटीच्या जागेसाठी इंटर्नल इंटरव्ह्यू झाले, त्याला तो बसला होता. पॅनलवर आम्ही तिघं. इंग्लिश तपासायची जबाबदारी अर्थातच सुप्रीम कोर्टाची. मी नेहमीचा प्रश्न टाकला, “टेल मी अबाउट युअर फॅमिली.” घाम पुसत पोरगा म्हणाला, “माय मदर हाउसवाइफ, मॅडम. ऑल डे शी इज इन चिकन.”

किचन म्हणायचं होतं बिचाऱ्याला.

आम्ही तिघांनी ओठ दाबून हसू आवरलं. तो बाहेर गेला आणि आवरलं नाही. मी फॉर्मवर लिहिलं, ‘टेक्निकल गुड, कम्युनिकेशन वीक.’ जागा दुसऱ्याला गेली. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण चहाच्या टेबलावर तो किस्सा मीच सांगितला. रंगवून सांगितला. आठवडाभरात अख्ख्या प्लांटमध्ये पोराचं नाव ‘चिकन’ पडलं. तोही हसायचा. म्हणजे दाखवायचा तरी.

आणि मग ऑगस्टमधली ती दुपार. श्रावण सुरू व्हायच्या आधीचे आखाडाचे शेवटचे दिवस. कँटीनमध्ये त्याने डबा उघडला, आत वजडी. सुकी, कांदा-लसूण चटणीत परतलेली. कुणीतरी ओरडलं, “अरे, आज चिकन न्हाई, आतडं आणलंय!” सगळे हसले. मी माझी प्लेट उचलली आणि पलीकडच्या टेबलावर जाऊन बसले. जाताना म्हटलं, “वास येतोय जरा.” अगदी सहज. कुजकट आवाजात वगैरे नाही. त्या दिवसानंतर तो कँटीनमध्ये दिसला नाही. डबा घेऊन शेडच्या मागे बसायला लागला.

आता खरं सांगते. त्या वासाची मला किळस आली नव्हती. तो वास मला त्या कँटीनमधल्या कुणाहीपेक्षा जास्त ओळखीचा होता. मंगळवार पेठेतल्या जुन्या घरी रविवारी आज्जी वजडी करायची. सकाळपासून मोरीत बसून साफसफाई, दुपारी कुकर. आम्ही सगळी भावंडं ताट घेऊन रांगेत. नंतर आम्ही फ्लॅटमध्ये आलो, जिन्यात वास जातो म्हणून ती बंद झाली. पुण्यात रूममेट विचारायच्या, “तुम्ही कोल्हापूरचे लोक काय खाता गं?” तर मी ऐटीत सांगायची, तांबडा-पांढरा. चार वर्षांत तोंडातून वजडी हा शब्द निघाला नाही. ‘रक्ती’ आणि ‘मुंडी’ तर नाहीच नाही. तांबडा-पांढरा म्हटलं की समोरच्याचे डोळे चमकतात. वजडी म्हटलं की आधी विचारतात, “म्हणजे काय?” आणि सांगितलं की नाक मुरडतात. मी फक्त मुरडणाऱ्यांच्या टेबलावर आधीच जाऊन बसले होते.

तर माझ्या त्या अजरामर मेलनंतरच्या मंगळवारी जॉर्जियाच्या साहेबाने डिलिव्हरीआधी आतड्यांचाच विषय काढला. म्हणाला, आमच्याकडे चिटरलिंग्ज कुणी म्हणत नाही, चिटलिन्स म्हणतात. आणि तो सांगत गेला. मी कधी नव्हे ती गप्प बसून ऐकत राहिले.

गोष्ट गुलामीच्या काळातली. थंडी पडली की मळ्यावर डुकरं कापायची. मांडीचं, पाठीचं चांगलं मांस मालकाच्या घरात. उरलेलं, म्हणजे आतडी, पाय, कान, डोकं, हे गुलामांच्या वाट्याला. त्या उरलेल्यातून त्या बायकांनी एक अख्खी पाककला उभी केली. तासन् तास आतडी धुवायची, मंद आचेवर शिजवायची, वास मारायला भांड्यात कांदा टाकायचा. गुलामी गेली, पदार्थ राहिला. ख्रिसमसला, नव्या वर्षाला घराघरात शिजायला लागला. पुढे वर्णभेदाच्या काळात काळ्या कलाकारांना गोऱ्यांच्या थिएटरांत जागा नसायची, तेव्हा जे क्लब आणि नाट्यगृहं त्यांना स्टेज द्यायची, त्या साखळीचं नावच पडलं ‘चिटलिन सर्किट’. रे चार्ल्स, बी. बी. किंग, जेम्स ब्राउन, टीना टर्नर, सगळे त्या सर्किटवर गाऊन मोठे झाले. ज्या पदार्थाच्या नावाने हिणवलं जायचं, त्याच नावाने आज त्या काळाच्या संगीताचा इतिहास लिहिला जातो.

“पण माझ्या लहानपणी,” साहेब म्हणाला, “आजी चिटलिन्स शिजवायला लागली की आम्ही मुलं आधी आमचे कोट बाहेर नेऊन ठेवायचो. दुसऱ्या दिवशी शाळेत वास येऊ नये म्हणून.”

मी एकदम गप्प झाले. पिंपळावर साळुंक्या ओरडत होत्या, तेवढाच आवाज.

मग तो म्हणाला, “डिसेंबरात मी प्लांटला येतोय. तुमच्याकडे असं काही असतं का? असेल तर मला हॉटेलात नको, घरी खायचंय.”

असतं की. पण आमच्या फ्लॅटमध्ये ते दहा वर्षांत शिजलेलं नाही आणि आज्जीही आता नाही. आख्ख्या प्लांटमध्ये मला एकच डबा माहीत होता.

दुसऱ्या दिवशी मी शेडच्या मागे गेले. तो जेवत होता. मला बघून उभाच राहिला. मी म्हटलं, “बस रे. एक काम होतं. अमेरिकेचा साहेब येतोय, त्याला वजडी खायचीय. तुझ्या आई करतील का?”

त्याने माझ्याकडे बघितलं. मग डब्याकडे बघत म्हणाला, “तुम्हाला वास येतोय न्हवं, मॅडम?”

टोमणा नव्हता. खरंच विचारत होता. म्हणून जास्त लागलं.

म्हटलं, “येतो. ओळखीचा आहे. आमची आज्जी करायची. मी त्या दिवशी उठायला नको होतं. आणि इंटरव्ह्यूचं ते चहाच्या टेबलावर सांगायलाही नको होतं. चुकलं माझं.” हे सांगताना माझ्या फर्स्ट क्लास इंग्लिशचा काडीचा उपयोग झाला नाही, हे वेगळं सांगायला नको.

तो जरा वेळ गप्प राहिला. मग डबा पुढे सरकवला. “गार झालीय. पण खावा.”

डिसेंबरात साहेब आला. दिवसभर प्लांटमध्ये कास्टिंग बघितली, संध्याकाळी आम्ही पोराच्या घरी. गल्लीतलं दोन खोल्यांचं घर, दारात रांगोळी, शेजारपाजारची पोरं खिडकीला लटकलेली. स्टीलच्या ताटात ज्वारीची भाकरी, वजडी, कांदा, लिंबू आणि वाटीत तांबडा. इथे डुक्कर नव्हे, बकरं, हे आधीच सांगून ठेवलं होतं. साहेबाने पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि बराच वेळ काही बोललाच नाही. मग विचारलं, ही साफ कशी करतात?

पोराची आई मराठीत सांगायला लागल्या. आधी उकळत्या पाण्यात बुडवायची, चुना लावायचा, मग सुरीने वरचा काळा थर खरवडून काढायचा, पुन्हा पुन्हा धुवायची, मीठ-हळद लावायची. मी भाषांतराला पुढे सरसावले आणि अडकले. खरवडायला इंग्लिशमध्ये काय म्हणू? स्क्रॅपिंग? क्लीनिंग? तो थर, तो चिवटपणा, ते हाताचं काम, एकाही शब्दात येईना. तेवढ्यात पोरगा मागून म्हणाला, “फर्स्ट हॉट वॉटर, सर. देन लाइम. देन फेटलिंग.”

साहेब खो खो हसला. हसता हसता टेबलावर हात आपटायला गेला, टेबल नव्हतं, मांडीवर आपटला. तीस वर्षं कास्टिंगच्या धंद्यात काढलेल्या माणसाला एका शब्दात सगळी रेसिपी कळली होती. त्यानंतर ते दोघंच बोलत बसले. ब्लोहोलवर, वाळूवर, वजडीवर. व्याकरण कुठे जात होतं देव जाणे, पण दोघांनाही सगळं कळत होतं. शेवटी साहेबाने विचारलं, “हाउ लाँग?”

“एट व्हिसल्स, सर.”

कुकर आणून शिट्टी दाखवावी लागली, ती गोष्ट निराळी.

मग साहेबाने एक किस्सा सांगितला, तो मी नंतर शोधून वाचला आणि तो खरा निघाला. १९६८ साली एड्रियन डव्ह नावाच्या एका काळ्या समाजशास्त्रज्ञाने एक बुद्धिमत्ता चाचणी तयार केली. अर्धी चेष्टेत, अर्धी गंभीरपणे. तेव्हाच्या आयक्यू टेस्ट गोऱ्या मध्यमवर्गाच्या घरात जे बोललं-खाल्लं जातं त्यावर बेतलेल्या, आणि मग काळी मुलं त्यात मागे पडली की ती ‘मंद’ ठरायची. डव्हने पारडं उलटं केलं. त्याच्या पेपरात काळ्या वस्तीत ज्याला त्याला माहीत असलेलेच प्रश्न. त्यातला एक असा की आतडी चिवट राहू नयेत म्हणून किती वेळ शिजवायची? म्हणून तिचं नावच पडलं ‘चिटलिंग टेस्ट’. मोठमोठे डिग्रीवाले गोरे त्यात नापास. म्हणजे पेपर कोण काढतो, त्यावर हुशार कोण ते ठरतं.

मला जुलैचा तो फॉर्म आठवला. ‘कम्युनिकेशन वीक.’ पेपर मी काढला होता.

घरी येताना गाडीत हेच डोक्यात. आपण कोल्हापूरकर खाण्याच्या बाबतीत लई दिलदार, असं आपणच आपल्याला सांगत असतो. मटणावर इतकं प्रेम की २०१९ च्या अखेरीला दरावरून आंदोलन पेटलं, दुकानं बंद राहिली, राज्यभर बातम्या झाल्या. पण त्याच बकऱ्यातला कुठला भाग खाल्ला तर ऐट आणि कुठला खाल्ला तर लाज, याचा अलिखित दरफलक आपल्याकडेही टांगलेला असतोच. आणि तो फक्त चवीवरून ठरलेला नसतो. चांगला वाटा कुणाला, उरलेला कुणाला, हे आपल्याही गावात जातीने ठरत आलंय. शाहू पाटोळ्यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ २०१५ साली आलं. मराठवाड्यातल्या दलित घरांमधलं खाणं त्यात आहे, ज्याला छापील पाककृतींच्या पुस्तकांत जागाच नव्हती. शीर्षकातला तो एक ‘अ’ बघा. आपण ताटावर बसून पूर्णब्रह्म म्हणतो तेव्हा किती चुली त्यातून वगळलेल्या असतात, ते एका अक्षरात कळतं. २०२४ साली त्याचा इंग्लिश अनुवादही आला. आमच्या साहेबाला मी तोच पाठवला.

आणि हे सगळं ज्या गावात चाललंय, ते गाव कुठलं? याच कोल्हापुरात शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे या दलित माणसाला चहाचं हॉटेल काढून दिलं होतं. लोक तिथला चहा प्यायला तयार नव्हते, तर महाराज स्वतः गाडी थांबवून तिथे चहा प्यायचे आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजायचे. महाराज १९२२ साली गेले, म्हणजे ही गोष्ट शंभर वर्षांहून जुनी. राजाला एका कपापाशी थांबता आलं. मला कँटीनमध्ये एका टेबलावर बसून राहता आलं नाही.

असो, फार गंभीर झालं. तुम्ही हे वाचताय तेव्हा बहुतेक लंच ब्रेक असेल आणि समोर डबा असेल, म्हणून आता चांगली बातमी सांगते.

जानेवारीत मी पॅनलला लिहून दिलं की जुलैचा माझा शेरा चुकीच्या प्रश्नावर दिलेला होता, परत इंटरव्ह्यू घ्या. तेही इंग्लिशमध्ये लिहिलं, अगदी फर्स्ट क्लास. एप्रिलपासून पोरगा मंगळवारच्या कॉलला बसतो. अजूनही घाईत किचनला चिकन म्हणतो. साहेबाला चालतं, कारण रिजेक्शनचं कारण त्याला मेलमधल्या तीन पानांत कळायचं नाही, ते हा पोरगा तीन शब्दांत सांगतो. कँटीनमध्ये तो परत आमच्या टेबलावर बसतो. ‘चिकन’ हे नाव अजून पूर्ण गेलेलं नाही. पण आता त्याच्या बरोबरीने ‘आतडी मॅडम’ हेही नाव प्लांटमध्ये चालतं, त्यामुळे तसा हिशेब फिटला. मेलची प्रिंट नोटीस बोर्डावर लागली होती, दोन महिने कुणी काढली नाही. मीही नाही.

आणि मागच्या रविवारी आमच्या फ्लॅटमध्ये बऱ्याच वर्षांनी वजडी शिजली. आईने मोरीत बसून फेटलिंग केलं. मी खिडक्या लावायला उठले, सवयीने. मग तशाच उघड्या ठेवल्या. वास जिन्यात गेला. वरच्या मजल्यावरच्या काकी खाली आल्या. मला वाटलं, आता तक्रार. त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, “किती वर्षांनी गं हा वास! वाटीभर दे की.” म्हणजे एवढी वर्षं त्याही खिडक्या लावूनच बसल्या होत्या.

आता तुम्ही विचाराल, आठ शिट्ट्या पक्क्या ना? तर नाही. आमच्या आईच्या मते दहा. वरच्या काकींच्या मते सहा आणि मग मंद गॅसवर अर्धा तास. बकरं किती जून, कुकर केवढा, यावर सगळं अवलंबून. नेमकं उत्तर पाहिजे असेल, तर उद्या दुपारी आजूबाजूच्या टेबलांवर विचारून बघा. कुणीतरी असेलच, डबा अर्धवट झाकून जेवणारं. त्याला बरोबर माहीत असतं.